खिरापत ओळखा

शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. सगळं पाठ असायचं, पण तपासणीला डिपटीसाहेब आले की तोंडातून अक्षर फुटत नसे. लग्न होऊन देऊळघाटहून खामगावला आले, तरी तेच. दारात कोणी आलं की छातीत धडधड, हाताला घाम, आणि मी स्वयंपाकघरात. आलेल्या बायांना पाणीसुद्धा हेच नेऊन देत.

भाद्रपदाच्या पुनवेपासून महिनाभर आमच्या गल्लीत भुलाबाईची गाणी चालत. रोज संध्याकाळी मुली-बाया एकेकीच्या घरी जमायच्या. गाणी संपली की त्या घरच्या बाईनं झाकलेला डबा पुढे आणायचा आणि आतली खिरापत काय ते ओळखायला लावायचं. मग वाटायची. आमच्या घरी हे कधी झालंच नाही.

लेक आठ वर्षांची होती. एक दिवस फुरंगटून बसली. "माय, आपल्या घरी काऊन नाही बलावत वं? सगळ्या मले म्हणतात, तू फुकटची खाऊन राह्यली. मी नाही जात आता."

दुसऱ्याच दिवशी मी यांना म्हटलं, मला बायकांच्या दवाखान्यात न्या.

तिथल्या डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या. कानातली नळी काढून म्हणाल्या, "छाती ठणठणीत आहे. धडधड होते कधी?"

"मानसं पाह्यले की."

"तेव्हा मनात काय येतं?"

"मी चुकन, अन् सगळ्या हासतीन."

"बरं, हसल्या. पुढे?"

पुढचं मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी औषधाची बाटली दिली नाही. दर मंगळवारी यायचं आणि एक काम घेऊन जायचं. पहिलं काम, विहिरीवर रोज एक प्रश्न विचारायचा. मी शेजारणीला विचारलं, "आज वार कोनता वं?" तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी मी घागर ठेवायच्या आत तीच ओरडली, "शनवार हाये बाई, शनवार!" डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या डोळ्यांना पाणी येईतो हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसले.

दुसरं काम, किडकी वांगी भाजीवालीला परत करायची. दोनदा चौकातून माघारी आले. तिसऱ्या दिवशी नेली तोवर वांगी पार सुकली होती. "वांगे किडके हायेत, बदलून दे वं," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, वांग्यांकडे पाहिलं, बदलून दिली आणि वर चार मिरच्या टाकल्या. धडधड काही थांबली नव्हती. पण ती चालू असतानाही बोलता येतं, एवढं कळलं.

पुढच्या मंगळवारी त्या म्हणाल्या, "आता भुलाबाईला सगळ्यांना घरी बोलव."

मी सांजोऱ्या तळल्या. वीसेक जणी जमल्या. गाणी संपली आणि मी डबा घेऊन पुढे आले.

"हालव वं, आवाज आयकू दे!"

मी हलवला.

"गोड का तिखट?"

'ओळखा पाहू' एवढंच म्हणायचं होतं. सकाळपासून घोकलं होतं. तोंडातून आलं, "सांजोऱ्या हायेत. गरम हायेत तोवर खाऊन घ्या."

मग जो हशा उसळला!

"आवो, हे बाई तं सोताच ओळखते!"

माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. मग लेकीकडे. ती पोट धरून हसत होती, शेजारची मैत्रीण तिच्या अंगावर लोळत होती. लाज कोणालाच वाटत नव्हती. मलाही हसू फुटलं.

"थांबा," मी म्हटलं, "दुसरा डबा आनतो. आता नाही सांगत."

आत भिजवलेली हरभऱ्याची डाळ होती. तिला मीठ-मिरची लावली, डब्यात दाबून भरली. कितीही हलवला तरी आवाज म्हणून नाही. लाडू झाले, चकल्या झाल्या, शेंगदाणे झाले, सगळ्यांची नावं घेऊन झाली.

"हारलो बाई! सांग आता!"

"माय, सांग नं वं!"

वीस जणी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी त्यांना आणखी थोडं पाहू दिलं.