तुऱ्या आणि छत्रीचं काळं कापड

निर्मलाबाईंनी तुऱ्याला घरात घेतलं ते पोपटाच्या हौसेनं नाही, रूपालीच्या उपकारापोटी. गेल्या वर्षी मोरीत पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ही बाई आता खाटेवरच राहणार, असं नातेवाइकांनी धरून ठेवलं होतं. नंदुरबारला त्यांच्याच गल्लीत राहणारी रूपाली फिजिओथेरपिस्ट. दवाखाना सुटला की ती यायची आणि त्यांना चालवायची. आधी खाटेपासून खिडकीपर्यंत, मग उंबऱ्यापर्यंत. "मावशी, कालच्यापेक्षा एकच पाऊल जास्त. हट्टानं दुसरं टाकलंत तर मी उद्या येणार नाही."

त्या रूपालीला पुण्यात नोकरी लागली. तिथल्या घरमालकाला पक्षी चालत नव्हता. तिचा पक्षी म्हणजे कॉकाटील नावाचा परदेशी जातीचा राखाडी पोपट. पिवळा तुरा, गालांवर शेंदरी टिकल्या. दुकानदारानं कापलेले त्याचे पंख आता कुठे पूर्ण वाढले होते.

"त्याला उडायची सवय नाही, घाबरला तर भिंतीवर आपटेल," रूपालीनं बजावलं होतं. "आणि नाहीच रमला तर मी जायच्या आधी सांगा. सुरतेची मैत्रीण नेईल. फक्त तिच्याकडे मांजर आहे."

मांजर ऐकल्यावर निर्मलाबाईंनी मनाशी ठरवलं, हा इथून जाणार नाही.

पण तुऱ्या पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यातून हलेना. तुरा काडीसारखा ताठ. बाजरीचं कणीस टांगलं, काकडी ठेवली. कशाला चोच लावली नाही.

"माहेरनी याद ई ऱ्हायनी व्हई त्याले," निर्मलाबाईंचे यजमान लोटनराव पंख्याखाली आडवे होऊन म्हणाले. एस.टी.तून निवृत्त झाल्यापासून ती त्यांची ठरलेली जागा होती. "तू बी लगीन व्हयनं तवय असंच तोंड करी बठेल व्हती."

"मन्हं तोंड काबर तसं व्हतं, ते तुम्हले माहीत शे."

बिबड्यांचे दिवस होते. ज्वारीचं पीठ हाटून पापडासारखे थापलेले बिबडे निर्मलाबाईंनी गॅलरीतल्या खाटेवर कापड अंथरून वाळत घातले होते. कावळ्यांसाठी काठीला जुन्या छत्रीचं काळं कापड बांधलं होतं. प्रकाशा गावच्या शेतावरच्या घरी सासू बांधायची, तसंच.

दुपारी काठी टेकत त्या पिंजऱ्यापाशी येऊन बसल्या. वारा पडला होता. तुऱ्याचा तुरा हळूच खाली आला, तो कणसाकडे सरकलासुद्धा. तेवढ्यात झुळूक आली, गॅलरीत कापड फडफडलं आणि तुऱ्या परत कोपऱ्यात.

निर्मलाबाईंनी कपाळाला हात लावला. इतके दिवस त्या कापडानं कावळ्यांबरोबर यालाही भेडसावत होत्या. त्यांनी उठून कापड सोडलं आणि नेहमीसारखी मुलाच्या नावानं नवऱ्याला हाक मारली.

"ओ धीरजना बाप, आते बिबडासजवळ तुम्ही बठा."

"मी कावळा हाकलाले बठू? आन पंखा?"

"पंखा बंद. तो बाहेर येई."

"तुले पोपट मोठा का मी?"

"तुम्हले पंख्यामा जावानी भीती नही."

लोटनराव पुटपुटत गॅलरीत गेले. त्यांनी मागून दार ओढून घेतलं. निर्मलाबाईंनी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली, खिडक्यांचे पडदे ओढले, आरशावर टॉवेल टाकला, पाण्याची बादली झाकली, गॅसची शेगडी बघून आल्या. मग पिंजऱ्याचं दार उघडून समोर खुर्ची ठेवली, अगदी जवळ. पाठीवर कणसाचा तुकडा.

तुऱ्या बराच वेळ दारात बसून राहिला. मग उडी मारून खुर्चीवर आला.

"बस, आज इतलंच," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खुर्ची वीतभर मागे. मग आणखी वीतभर. एकदा तो चुकून जमिनीवर उतरला, तेव्हा त्यांनी त्याला पकडलं नाही. काठी आडवी धरली आणि तो चढेपर्यंत थांबल्या. त्यांना कोणी कसं उठवलं होतं, ते त्यांच्या चांगलं लक्षात होतं.

रूपाली निरोप घ्यायला आली तेव्हा खुर्ची पार समोरच्या भिंतीशी पोचली होती. शेजारी निर्मलाबाई काठी धरून उभ्या. तुऱ्या पिंजऱ्यातून निघाला, खोलीभर एक गोल फेरी मारली, रूपालीच्या डोक्यावरून गेला आणि खुर्ची सोडून काठीच्या मुठीवर, निर्मलाबाईंच्या हाताला खेटून बसला.

रूपालीनं फोन काढून सुरतेच्या मैत्रिणीला कळवलं, पक्षी येत नाही म्हणून.

ती गेल्यावर लोटनरावांनी गॅलरीतून विचारलं, "आते पंखा लावू का?"

"तो पिंजरामा जाऊ द्या. कावळा उना का?"

"एक बी उना नही."

निर्मलाबाईंनी दारातून डोकावलं. खाटेवरचे अर्धे बिबडे गायब होते आणि लोटनराव मिशी पुसत होते. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्या आत गेल्या, वाटीत शेंगदाण्याचं तेल आणि चिमूटभर तिखट घातलं, आणि ती वाटी आणून त्यांच्यासमोर ठेवली.

"कोरडा काय खातस," त्या म्हणाल्या.