न शिजणारी डाळ आणि माझी एम.एस्सी.

एम.एस्सी.चं तिसरं सत्र संपलं आणि मी यवतमाळहून ट्रंक घेऊन घरी आले ती परत न जाण्यासाठीच. सेंद्रिय रसायनाचा पेपर राहिला होता. पण खरं कारण वेगळं होतं. बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, ‘माही पोरगी केमिस्ट्रीत एम्मेस्सी करून राह्यली.’ त्यामुळे मी आले की ओसरीवर बाटल्या जमायच्या. फवारणीचं औषध असली की नकली, मधात साखर आहे का, केसांच्या तेलानं खरंच केस येतात का. मी बाटली उजेडाकडे धरायची, हलवायची, वास घ्यायची आणि लेबल वाचून दाखवायची. लोक मान डोलवायचे. मला लाज वाटायची.

“काहून सोडून राह्यली?” बाबांनी विचारलं.

“काही उपयोग नाही त्याचा.”

बाबा पऱ्हाटीतला कापूस वेचायला निघाले होते. “अर्धं निंदलेलं वावर कोणी सोडते का?” एवढंच म्हणाले आणि गेले.

घरात तेव्हा वेगळीच लढाई चालू होती. दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. वहिनी कळंबची. तिनं लावलेली तुरीची डाळ काही केल्या शिजत नव्हती. आठ शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाण्याला ओळख देईना. आई म्हणायची, “हातातच नाही हिच्या.” गंमत म्हणजे आईचीही डाळ शिजत नव्हती. पण ती म्हणे, यंदाची तूरच वाईट. तूर बाबांनी पिकवलेली, म्हणून बाबाही जेवताना धुसफुसत.

एके दुपारी वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, माह्या माहेरी तीन शिट्ट्यांत डाळ होते. पान्यात तं काही नसन ना?”

त्या वर्षी घरी नवीन बोअर झाली होती. साडेचार वर्षं रसायनशास्त्र शिकून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

पाणी तपासायचं तर प्रयोगशाळा हवी आणि प्रयोगशाळा हवी तर चौथ्या सत्राला नाव घालायला हवं. अशी मी परत गेले. माझ्या प्रकल्पाचा विषय ठरला, घराच्या बोअरचं पाणी. पाण्यातले क्षार मोजायला ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि लालसर पाणी निळं झालं की थांबायचं. माझं पाणी मळकट नारिंगी झालं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “पाणी कशात आणलं?”

“सरबताच्या बाटलीत.”

“धुतली होती?”

मी बाटलीचा वास घेतला.

“मग तुम्ही सरबत मोजलंय. पुन्हा आणा.”

पुन्हा म्हणजे दोन एसट्या आणि अडीच तास. दुसऱ्यांदा आणलं तर तीन वेळा केलेले तीन आकडे एकमेकांशी बोलेनात. हात घाईचा होता. सर म्हणाले, “जुळेपर्यंत करा.” मी रडले, मग केलं. चौथ्या दिवशी आकडे जुळले. डाळ शिजू न देणारे क्षार बोअरच्या पाण्यात भरलेले होते, ते इतकं जड निघालं की सरांनीही स्वतः एकदा करून पाहिलं.

घरी मी दोन कुकर लावले. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात शेजारच्या काकांच्या विहिरीचं. काकांशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, सात वर्षं बोलणं बंद, म्हणून वहिनी मागच्या दारानं कळशी घेऊन आली. तूर तीच, शिट्ट्या तेवढ्याच. काकांच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी झाली.

आईनं ती चाखली. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

“मीठ कमी हाय,” आई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः काकांकडे पाणी मागायला गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली, “पोरीले म्हना, माह्या विहिरीचं पानी चांगलं हाय असं कागदावर लिहून दे. सहीसकट.” मी म्हटलं, आधी तपासावं लागेल. काका चिडले. तरी तपासलं, तीनदा, आणि मगच लिहून दिलं. तो कागद त्यांनी फ्रेम करून देवघराशेजारी लावला.

मी पास झाले, राहिलेल्या पेपरासकट. आता पुसदला ज्युनियर कॉलेजात शिकवते. मुलं विचारतात, “मॅडम, एम्मेस्सी करून काय भेटते?” पगार तर माझ्या बी.एस्सी.वर थांबलेल्या मैत्रिणीला जास्त आहे, हे मी लपवत नाही. पण कोणी बाटली पुढे केली, की आता मी ती हलवत नाही, वासही घेत नाही. “माहीत नाही, तपासावं लागेल,” एवढं न लाजता म्हणते. हे वाक्य मला फुकट मिळालेलं नाही.

वहिनीची डाळ आता तीन शिट्ट्यांत होते. आईचं म्हणणं आहे, पोळ्या मात्र अजून जमत नाहीत.