मॅडमच्या पुस्तकातलं हृदय

“घ्या, छापा, वाटा. चूक दिसली तर मात्र मला सांगा.”

पुस्तकाबद्दल कोणी विचारलं की आमच्या समोरच्या मॅडम एवढंच म्हणत आणि चष्मा कपाळावर सरकवत. हिंदी मुलखातलं आमचं शहर, त्यातल्या चेरीताल मोहल्ल्यात त्यांचं फाटक आणि आमचं फाटक समोरासमोर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी हिंदीत जीवशास्त्राचं पुस्तक लिहायला बसल्या. एकेक प्रकरण पुरं झालं की इंटरनेटवर टाकायचं. ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं, दुकानात छापून बांधून घ्यावं. परवानगी नको, किंमत नको.

मी एका फॅक्टरीच्या हिशोब विभागात. किंमत नसलेली वस्तू माझ्या गळी उतरत नाही.

“मॅडम, नाममात्र पन्नास रुपये तरी ठेवा. फुकटची कदर कोण करून राहिलं?”

“पन्नास ठेवले की पोरीला बापाला विचारावं लागते, भाऊ. तिथंच अर्ध्या पोरी थांबतात.”

आकडे तपासायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. वाटाण्याच्या संकराच्या तक्त्यात नऊ, तीन, तीन, एक असं लिहिलं होतं. मी बेरीज करून खाली ‘सोळा, बरोबर’ असा शेरा मारला. मॅडमना हसू आवरेना. “तुमची सही झाली न, आता वाटाणे हुज्जत घालणार नाहीत.”

पुस्तक असं सर्वांसाठी खुलं ठेवायचं तर चित्रंही स्वतःचीच हवीत, दुसऱ्याच्या पुस्तकातली उचलून चालत नाही. म्हणून त्या प्रत्येक गोष्ट पुढ्यात ठेवून चित्र काढत. स्वतः पक्क्या शाकाहारी, तरी बकऱ्याचं हृदय आणायला स्टीलचा डबा घेऊन कांचघरच्या खाटकाकडे गेल्या. स्कूटर माझी.

“मैडम जी, कलेजी भी रख दूँ?”

“आज नहीं भैया, वो अगले पाठ में है.”

त्याच हृदयाच्या चित्रानं घात केला.

कागदावर ते बरोबर होतं. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यानं फोटो काढताना आरशात दिसावं तसं उलटं झालं आणि मॅडमनी नावं मात्र नेहमीच्या जागी टाईप केली. हृदयाचा खालचा डावा कप्पा अंगभर रक्त ढकलतो, म्हणून त्याची भिंत जाड असते. चित्रात जाड भिंतीवर नाव पडलं ‘दायाँ’, म्हणजे उजवा. त्या पानावर आकडा नव्हता. तपासताना मी ते पान न वाचताच उलटलं होतं.

एका सकाळी बरगीकडच्या गावातली एक मुलगी बसनं आली. मी मॅडमकडेच चहा घेत बसलो होतो. तोंडी परीक्षेत तिनं पुस्तकात होतं तसंच सांगितलं होतं. तिचे सर सगळ्यांसमोर हसले होते. ‘मुफ्त वाली किताब से पढ़ी हो क्या?’ तिचे मार्कही गेले होते. पण ती भांडायला आली नव्हती. दुकानात बांधून घेतलेली प्रत उघडून तिनं विचारलं, “मैडम जी, सर सही हैं कि किताब?”

मॅडमनी पान पाहिलं. बोट ठेवून पुन्हा पाहिलं.

“सर सही हैं. किताब गलत है. गलती मेरी है.”

मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो.

इंटरनेटवरचं चित्र त्यांनी तिच्यासमोरच बदलवून घेतलं. मला वाटलं, मिटलं. पण झेरॉक्सवाले एकदा छापलेल्या प्रतीवरूनच पुढच्या प्रती काढत राहतात. पुस्तक विकलं असतं तर पावत्या असत्या, पावत्यांवर नावं असती.

“आता कोणाकडे गेलं ते कसं शोधणार, मॅडम?”

“जाऊन.”

मग कॉलेजांच्या आसपासच्या दुकानांतून आम्ही हिंडलो. दुकानदाराला नवं पान द्यायचं, जुनं त्याच्यासमोर फाडायचं. बाहेर उभ्या असलेल्या पोरांना मॅडम हाक मारत, “बेटा, जरा पन्ना दिखाना. मुझसे गलती हुई है.” पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत. मी स्कूटरपाशी उभा राहून मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचत असल्यासारखा दिसायची खटपट करी.

“अरे मैडम, इतनी सी बात! कौन देखता है?” एक दुकानदार म्हणाला.

“जिसने देखा, उसकी हँसी हुई, भैया.”

त्या मुलीच्या वर्गातही मॅडम गेल्या. सरांनी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. चूक माझी होती, हिची नव्हती, एवढं सांगून त्यांनी फळ्यावर हृदय काढलं, जाड भिंत खडूनं दोनदा गिरवली. गेलेले मार्क काही परत मिळाले नाहीत. परतताना स्कूटरवर मागे बसल्या बसल्या त्यांनी विचारलं,

“पोरीनं मला थँक्यू म्हटलं, भाऊ. काहून म्हटलं असेल?”

मी सिग्नलला स्कूटर थांबवली.

“चिडली असती न, तर बरं वाटलं असतं.”

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. पुस्तक इंटरनेटवर आहे, पोरं अजून उतरवून घेतात.

परवा घरपट्टीच्या कागदाची झेरॉक्स काढायला गेलो होतो. काउंटरवर एक मुलगा मॅडमचं पुस्तक बांधून घेत होता. न राहवून मी ते पान काढलं. जुनंच चित्र. खिशातलं पेन काढून मी ‘दायाँ’वर काट मारली आणि ‘बायाँ’ लिहिलं.

“अंकल! ये क्या कर रहे हैं?”

दुकानातली चार डोकी वळली.

“गलती है, बेटा.”

“किसकी?”

पानाच्या माथ्यावर मॅडमचं नाव छापलेलं होतं. त्याखाली, बारीक अक्षरात, तपासणारा म्हणून माझं. मुलगा माझ्याकडे बघत होता.

“मशीन की होगी,” मी म्हणालो, आणि माझी झेरॉक्स न घेताच बाहेर पडलो.