कोपऱ्यातला डाळिंबी ठिपका

घरात मला कुणी काही बोललेलं खपत नाही. भाजीत मीठ कमी आहे असं नवऱ्यानं नुसतं सुचवलं, तरी मी मिठाची बरणी त्याच्यापुढे आणून आपटते. असं असताना गेली काही वर्षं मी आपणहून एका ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकते आणि खाली लिहिते, 'चुका सांगा.' नवऱ्याला याचं फार हसू येतं. त्याचं म्हणणं, घरची टीका फुकट मिळते म्हणून तिला किंमत नाही.

ग्रुप रानातल्या प्राण्या-पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचा आहे. कौतुक करून घ्यायला दुसरे ग्रुप आहेत, तिथं काहीही टाकलं तरी फुलं आणि टाळ्या येतात. इथं लोक फोटो सोलून काढतात. डोळ्यावर फोकस नाही, शेपूट कापलीत, ऊन डोक्यावरचं आहे, मागं पत्र्याचं शेड दिसतंय. नियमही कडक. पिंजऱ्यातला प्राणी नको, खाऊ टाकून बोलावलेला नको, घरट्याजवळ जायचं नाही, जागेचं नाव लिहायचं नाही आणि चौकटीत माणसाची खूण नको. हा शेवटचा नियम मला सगळ्यात सोपा वाटायचा, कारण माझा धंदाच तसा आहे.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज आणि पासपोर्ट फोटो. माणूस स्टुलावर बसवायचा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चष्म्यावर चमक नको. मग कॉम्प्युटरवर त्याच्या मागचं सगळं पुसून पांढरं करायचं. तान्ह्या बाळाचा फोटो असेल तर त्याला धरून ठेवलेले आईचे हातही पुसावे लागतात. हे काम माझ्या बोटांत इतकं मुरलंय की एकीकडे चहा आणि एकीकडे गिऱ्हाइकाशी बोलणं चालू असतानाही होऊन जातं.

मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि घर एकदम गप्प झालं, तेव्हा ओळखीच्या एका फोटोग्राफरकडून मी त्याचा वापरलेला कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स घेतली. नवऱ्याला वाटलं दुकानासाठी घेतली. मीही त्याचा गैरसमज काही दिवस राहू दिला. आधी तलावावरची बदकं काढली, मग विजेच्या तारेवरचे वेडे राघू काढले. ते ग्रुपवर टाकले आणि पहिल्याच आठवड्यात मी किती पाण्यात आहे ते मला कळलं.

ग्रुपवर एक गृहस्थ आहेत. त्यांना मी कधी भेटलेले नाही, ते कुठं राहतात तेही ठाऊक नाही. नावाशेजारी स्वतःच्या चेहऱ्याऐवजी त्यांनी पिंगळ्याचा फोटो लावलाय, म्हणून आमच्या घरात त्यांना पिंगळेच म्हणतात. ते एका ओळीच्या वर लिहीत नाहीत. 'पक्षी चांगला, फोटो नाही.' 'तुम्ही उभ्या होतात, बसायला हवं होतं.' 'घाई.' नुसतं 'घाई' लिहिलेलं वाचून मला दिवसभर दुकानात कुणाशी धड बोलता आलं नव्हतं. मी त्यांना उलट उत्तरं द्यायची. बसायला जागाच नव्हती, काटे होते, ऊन होतं. ते परत काही लिहीत नसत. संध्याकाळी घरी गेले की नवरा विचारायचा, आज पिंगळा काय बोलला? आणि वर सांगायचा की बाई गं, 'मान्य' म्हणून एक शब्द असतो, तो लिहून बघ एकदा. मी तो कधी लिहिला नाही. पण पुढच्या खेपेला मी काट्यात पोतं टाकून बसले, हे मात्र खरं.

माझं माहेर मैंदर्गीचं. गावाबाहेर माळाला लागून आमचं रान आहे, भाऊ ते बघतो. आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिच्या रानात हरणं येतात, काळविटांचा एक कळपच आहे, आणि अव्वाचा त्यांच्यावर फार राग आहे. ज्वारी कोवळी असली की ती खातात, हरभरा तर मुळासकट. ती त्यांना मराठीत शिव्या घालते आणि शिव्या संपल्या की कन्नडमध्ये 'होग्री, होग्री' म्हणून जायची विनंती करते. हरणं दोन्ही ऐकून घेतात आणि खात राहतात. आम्हा भावंडांनाही तिचा ओरडा असाच सवयीचा होता, त्यामुळं त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

कॅमेरा येण्याआधी माझं माहेरी जाणं म्हणजे पंचमी, दिवाळी आणि गावची जत्रा. तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत, दुकान बंद ठेवणं जिवावर यायचं म्हणून. कॅमेरा आल्यावर मात्र मी हिवाळ्यात जवळजवळ दर शनिवारी दुकान बंद करून एसटी धरायला लागले. रात्री जेवायचं, सकाळी उजाडायच्या आत बांधावरच्या बाभळीमागं पोतं टाकून बसायचं. मी चालत माळाच्या बाजूनं जायची. अव्वाला भाऊ आधीच मोटरसायकलवरून रानात सोडून आलेला असायचा. ती पलीकडच्या कोपऱ्यात खुरपत बसलेली असे. यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं, मी तिला जन्मभर रानातच बघत आलेय. फोटोत येते म्हणून एक-दोनदा हातानं खूण करून तिला बाजूला व्हायला सांगितलं होतं. ती चार पावलं सरकली आणि पुन्हा बसली.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मला तो फोटो मिळाला. काळा कुळकुळीत नर, पिळाची शिंगं मागं टाकलेली, नाक वर. ज्वारीच्या पानांवर दव, आणि ऊन बरोबर बाजूनं येऊन त्याच्या डोळ्यात एक बारीक चमक देऊन गेलेलं. मी पोटावर पालथी पडले होते, तोंडात माती गेली होती, आणि घाई केली नव्हती. त्या एका फोटोत पिंगळ्यांनी आजवर काढलेल्या सगळ्या चुकांची दुरुस्ती होती. फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात, दूर, पुसट, एक डाळिंबी ठिपका होता. अव्वाचं इरकल लुगडं.

सोमवारी दुपारी दुकानात गर्दी ओसरल्यावर मी तो टाकला. मतं पटापट आली आणि पहिल्यांदाच ती चांगली होती. ठिपक्याबद्दल मात्र सगळे बोलले. नजर तिकडं जाते, तो काढा. संध्याकाळी ग्रुप चालवणाऱ्यांचा वेगळा निरोप आला. वर्षअखेरीला ग्रुपचं कॅलेंडर निघतं, बारा महिन्यांचे बारा फोटो, आणि त्यात हा घ्यायचं ठरतंय. कोपऱ्यातली तेवढी खूण साफ करून पाठवा, बारीक साफसफाई चालते. मला इतका आनंद झाला की समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मी दोन झेरॉक्स जास्त काढून दिल्या. मला ते कॅलेंडर हवं होतं. दुकानात, काउंटरच्या मागं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

त्याच संध्याकाळी भावाच्या फोनवर फोटो पाठवला. अव्वानं तो बोटांनी मोठा करकरून पाहिला म्हणे, आणि फोनवर आली.

"मी बरी आलेय की गं," ती म्हणाली. "ते हरीण काडता येतंय का बग. लई खातंय ते."

मी पोट धरून हसले. पण दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला की अव्वा घरी येईल त्याला सांगत सुटलीय, लेकीनं माझा फोटो काढलाय आणि तो कॅलेंडरात येणार आहे. आता तिला काय सांगायचं, हे मला कळेना. मी स्वतःची समजूत घातली की तिला कुठं ठिपका आणि हरीण याचा हिशोब कळणार आहे. कॅलेंडर गावी पाठवायचंच नाही.

पुसायला मला मिनिटही लागलं नाही. ठिपक्याच्या जागी मागचं धुकं आलं, कुणी कधी तिथं होतं असं वाटूही नये इतकं बेमालूम. पाठवायच्या आधी ग्रुपवर एकदा नजर टाकली, तर पिंगळे बोलले होते. त्यांच्या मानानं ते बरंच लांब होतं.

'हा ठिपका तुमच्या आधीच्या हरणांच्या फोटोंतही पाहिला आहे. दर वेळी कुठल्यातरी कोपऱ्यात. काय आहे ते?'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढा फोटो मिळाला, आणि यांना आधीचे आठवतायत. त्यांना खोटं ठरवायचं म्हणून मी कॉम्प्युटरवर मैंदर्गीचे सगळे फोटो उघडले, छाटलेले नव्हेत, मूळचे. एकेक बघत गेले. एकात निळा ठिपका होता, एकात हिरवा. एकात नुसता पदर, एकात डोक्यावर घेतलेलं पोतं. काही मी कडा छाटून उडवले होते, काही पुसले होते, दोन-तीन राहून गेले होते आणि तेच पिंगळ्यांना दिसले होते. जिथं जिथं हरणं शांत उभी होती, तिथं तिथं अव्वा होती. जिथं ती नव्हती, तिथं हरणांच्या पळत्या पाठी होत्या. मी त्या दिवशी कॅलेंडरवाल्यांना काहीच पाठवलं नाही.

शनिवारी रात्री जेवताना वहिनीजवळ विषय काढला. म्हटलं, अव्वाचे गुडघे असे, डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केलीय, आणि तुम्ही तिला रानात पाठवता. वहिनी शांत बाई आहे, पण त्या दिवशी तिला माझा राग आला. ती म्हणाली की आठवडाभर अव्वा घराचा उंबरा ओलांडत नाहीत, त्यांचं रान कधीच सुटलंय. फक्त रविवारी पहाटे उठून तयार होऊन बसतात आणि यांना गाडी काढायला लावतात. तुम्ही येता तेव्हाच जातात, आम्हाला काय विचारता, त्यांना विचारा. अव्वा पलीकडं ताटातली भाकरी कुस्करत होती, तिला ऐकू आलं असणार, पण तिनं मान वर केली नाही.

सकाळी मी बाभळीमागं गेलेच नाही. सरळ तिच्या कोपऱ्याकडं चालत निघाले. कळप ज्वारीच्या कडेला होता, मला पाहून हरणांनी माना वर केल्या आणि ती उड्या मारत माळावर गेली. अव्वानं माझ्याकडं पाहून कपाळाला हात लावला. मी जवळ जाऊन बसले. ती बसली होती तेवढ्या तुकड्यात गवताची एक काडी नव्हती. भुसभुशीत केलेली तीच माती ती खुरप्यानं इकडून तिकडं करत होती. मी विचारलं, गुडघे दुखत असताना इथं येऊन हे काय चाललंय.

"माझी सवय हाय त्यास्नी," ती म्हणाली. "मी हितं बसली की ती येत्यात. अन् ती आली की तू येतीस."

आधी मला तिचा राग आला, मग माझा, आणि मग नुसतं रडू आलं. ती म्हणाली, रडायला काय झालं, चहा आणलाय. खरंच तिनं पदराखाली बाटलीत चहा आणला होता. आम्ही तो बाटलीच्या झाकणातून आळीपाळीनं प्यालो. ती सबंध सकाळ आम्ही बांधावर बसलो, तिनं पाय लांब केले, आणि मी नसताना गावात कोण कोण गेलं, कुणाच्या लेकीचं जमलं, ते सगळं सांगितलं. इतके शनिवार येऊनही मला यातलं काही माहीत नव्हतं. हरणं परत आली नाहीत. तिनं दोनदा माळाकडं बघितलं आणि म्हणाली की आज तुझी खेप वाया गेली.

सोलापूरला परतल्यावर मी कॅलेंडरवाल्यांना कळवलं की ठिपका काढणार नाही, फोटो असाच घ्यायचा तर घ्या. त्यांनी फार सभ्यपणे नकार दिला आणि ती जागा कुणाच्यातरी खंड्याच्या फोटोला गेली. मला वाईट वाटलं. दोन दिवस वाटत राहिलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

मग ग्रुपवर, पिंगळ्यांच्या प्रश्नाखाली, मी उत्तर लिहिलं. 'ती माझी आई आहे. ती तिथं बसते म्हणून हरणं थांबतात. आणि मी त्या निमित्तानं घरी यावं म्हणून ती तिथं बसते.' बाकीच्यांनी खाली खूप काही लिहिलं, हात जोडले, बदाम टाकले. दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर करते तोवर फोन वाजला. पिंगळ्यांनी लिहिलं होतं,

'मग फोकस चुकला आहे.'

मी स्टुलावर बसले. एक बाई बाळाला घेऊन फोटोसाठी आली होती, तिला थोडं थांबायला सांगितलं. मग पिंगळ्यांना उत्तर लिहिलं. 'मान्य.'