एकाच वळणाच्या बारा सह्या

एका मोठ्या बँकेच्या विधी विभागाचा मी प्रमुख आहे. माझ्याकडं मत द्यायला आलेल्या त्या फाइलमध्ये कागद पुष्कळ होते, पण कामाचे तीनच. पहिला, सावली तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचा ठराव. गटाच्या खात्यावर सही करणाऱ्या दोघी बदलायच्या होत्या, म्हणून बाराही सभासद बायकांच्या त्यावर सह्या, आणि खाली आमच्या शाखा व्यवस्थापक मॅडमचा शेरा: ‘माझ्यासमोर सह्या केल्या.’ दुसरा, निनावी अर्ज. या सगळ्या सह्या मॅडमनेच घरी बसून ठोकल्या, असं त्यात म्हटलं होतं. तिसरा, हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल. बाराही सह्या एकाच हातच्या असाव्यात, असं त्याचं मत.

मॅडमविरुद्ध बनावट सह्यांची पोलिसांत तक्रार करायची की नाही, एवढंच मला सांगायचं होतं. मी ‘करावी’ लिहिलं असतं तर त्यांची नोकरी जाणार होती, आणि बहुधा अटकही झाली असती.

मी भिंग घेऊन सह्या पाहिल्या. प्रत्येकीची वरची रेघ आधी लांबलचक मारलेली, मग अक्षरं खालून लटकवलेली, आणि शेवटी रेघ बोटभर उरलेली. बारा बायका अशी एकसारखी सही कशी करतील? माझाही संशय मॅडमवरच गेला. लिहायला घेतलं, आणि तेव्हा आईची सही आठवली.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. सातवीत असताना मी आईला सही शिकवली. माझं अक्षर गिरवून शिकली, त्यामुळे तिची सही म्हणजे माझंच सातवीतलं अक्षर. पुढं पोस्टातल्या बाबूनं मला दरडावलं होतं, “काऊन रे, मायची सही तूच ठोकली ना?” आईनं त्याच्यापुढं उभं राहून पुन्हा सही केली, तेव्हा कुठं त्यानं फॉर्म घेतला.

मी फाइल परत उघडली. दक्षता विभागानं मॅडमचा जबाब घेतला होता, तज्ज्ञाला कागद पाठवले होते, पण बारापैकी एकाही बाईला काही विचारलं नव्हतं.

“मी जाऊन येतो,” मी माझ्या हाताखालच्या उपप्रमुखाला म्हटलं.

“सर, ते काम आपलं नाही. आणि गाव तुमचं.”

“तालुका माझा.”

“तेच ते,” तो हसला. “साहेब आपल्या गावाकडच्या मॅडमला सोडवायला निघाले, असं लोक म्हणतील. लोक कशाला, मीच म्हणेन.”

मला ते झोंबलं. त्याचं खरं असू शकत होतं म्हणून झोंबलं.

गावात समाजमंदिराच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. मॅडम शाखेतून माझ्यासोबत आल्या. आल्या आल्या एका तरुण बाईच्या मांडीवरच्या बाळाचा गाल धरून त्यांनी विचारलं, “दात आले का गं याला?” मी ते मनात नोंदवून ठेवलं. अशी सवयच लागली आहे.

मी प्रत्येकीला कोरा कागद दिला आणि एकमेकींकडे पाठ करून बसवलं.

“परीक्षाच हाये वं ही,” एक म्हणाली.

“पास झाली तं साहेब नोकरी देतेत तुले.”

“तू सरक तिकडं. तुले तं कॉपी कराचीच सवय.”

मी एकेकीमागं उभा राहिलो. पहिलीनं वरची रेघ ओढली, लांबलचक, आणि मग तिला अक्षरं लटकवली. दुसरीनंही तसंच. अकरा जणी झाल्या. अकरा सह्या, एक वळण, आणि प्रत्येक सही माझ्या डोळ्यांदेखत.

“हे शिकवलं कुणी तुम्हाला?”

गटाच्या अध्यक्षबाई साठीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, “आंगनवाडीच्या बाईनं जी. ते म्हने, आधी दोरी बांधा, मंग कपडे वाळू घाला. आमी दोरी लांबच बांधतो. न जाने एखादा कपडा उरला तं?”

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मला फार हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं मला आवडलं नाही. मी निकाल आधीच घेऊन आलो होतो की काय?

बारावी सही त्या बाळाच्या आईची राहिली होती. तिनं ती झरझर केली. छोटी, तिरकी, अक्षरं आधी आणि रेघ शेवटी. बोटभर काही उरलं नाही.

“तुम्ही कितवीपर्यंत शिकल्या?”

“दहावी, साहेब.”

मी ठरावाची प्रत पुढं धरली. “मग ही सही तुमची?”

तिनं अध्यक्षबाईंकडं पाहिलं. अध्यक्षबाईंना यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

“ते तिच्या जावेनं केली जी. तेबी त्याच बाईपाशी शिकली. हे बाळंतपनाले मायेरी होती, अहेरीकडं. फोनवर विचारूनच केली. चोरी थोडी केली?”

“जाऊ गटात आहे?”

“नाई. पन बसली होती ना. मॅडम म्हने बारा पायजेत, आमी बारा बसलो.”

मॅडम ओट्याखाली उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“नाही सर. रोजच्या बायका. मी चेहरे बघितले नाहीत, डोकी मोजली.” उत्तर अगदी तयार होतं.

“त्या बाईला तर तुम्ही बाळासकट ओळखता.”

“आता ओळखते. चौकशी लागल्यापासून दर आठवड्याला येते मी इथं, सर. माझं सगळं या बायकांच्या हातात आहे.”

हे खरं असू शकत होतं. दर आठवड्याला येऊन त्यांनी बायकांना काय बोलायचं ते पढवलं असावं, हेही शक्य होतं. मग जावेची गोष्ट अध्यक्षबाईंनी इतक्या सहज का सांगितली? तेवढी पढवायची राहिली म्हणून? की पढवलंच नव्हतं म्हणून? सावली गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर धानाच्या बांध्या बघत राहिलो आणि दुसरा प्रश्न विचारला नाही.

मुंबईत येऊन मत लिहिलं. अकरा सह्या खऱ्या, माझ्यासमोर पुन्हा करून घेतलेल्या, आणि त्या एकसारख्या का दिसतात त्याचं कारण. बारावी सही सभासदाची नाही, म्हणून ठराव नव्याने घ्यावा. मॅडमचा शेरा तेवढ्यापुरता खोटा. यातून कुणाचा फायदा किंवा कुणाचं नुकसान झाल्याचं दिसत नाही, तेव्हा पोलिसांत जाऊ नये, हलगर्जीपणाची खातेनिहाय चौकशी करावी. आणि पुढं लिहिलं, ‘बारावी सभासद गैरहजर असल्याचं व्यवस्थापकांना माहीत नव्हतं.’ मी त्याच तालुक्यातला आहे, हेही लिहिलं, आणि कागद तपासायला उपप्रमुखाकडं दिला.

त्यानं एकाच ठिकाणी पेन्सिल लावली. ‘माहीत नव्हतं’च्या आधी त्यानं लिहिलं होतं, ‘त्यांच्या म्हणण्यानुसार’.

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच, सर. बाकी पटलं.”

 ते शब्द नसते तर मॅडमना चौकशीत पुष्कळ मदत झाली असती. मी ते शाईनं पक्के केले आणि कागद वर पाठवला.

तक्रार झाली नाही. चौकशीत वेतनवाढ थांबली, बदली झाली, नोकरी राहिली. हुकूम निघाला त्या दिवशी मॅडमचा फोनवर संदेश आला, ‘आभार, सर.’ हुकुमाविरुद्ध अपील करायची त्यांची मुदत अजून संपलेली नव्हती. मी उत्तर दिलं नाही. त्या संदेशाची प्रत काढून फाइलला लावली.