आत्याला ऐकू आलेली शेळी

नववीत असताना माझ्या गळ्यात एक शेळी शिरली होती. झालं असं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी गायले, वरच्या सुराला आवाज फाटला, आणि वर्गातल्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ करून नेमकं त्या जागी शेळीचं ओरडणं चिकटवलं. दुसऱ्या दिवशी तो इन्स्टाग्रामवर होता आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मी वर्गात शिरले की मागच्या बाकांवरून 'ब्यँऽऽ' यायचं. हजेरीला 'हजर' म्हणायचीही भीती वाटायची. मी नुसता हात वर करायची.

सेलूत आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात सोमवारची आरती मीच सुरू करायची, अगदी लहानपणापासून. माझ्या आवाजावर सगळे आवाज चढायचे, ते मला फार आवडायचं. त्या सोमवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. पुढच्या सोमवारी पोट दुखलं.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोंढ्याच्या रस्त्यावर किराणा दुकान. कापसाचा हंगाम होता, मोंढ्याच्या बाजारात कापूस नेणाऱ्या गाड्यांची वर्दळ असायची आणि अप्पा भुवयांवर कापसाचे तंतू घेऊनच घरी यायचे. त्या पांढऱ्या भुवया उंचावून त्यांनी विचारलं, "सोमवारीच कसं काय दुखायलंय गं तुझं?"

मी रडत फोन पुढे केला. आधीच बजावलं, शाळेत यायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही.

"न्हाई जात," ते म्हणाले. व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि हळूच विचारलं, "मग मी काय करू, सांग."

खरंच विचारत होते. मी 'तुमीच बघा काहीतरी' म्हणून झोपायला गेले, आणि तिथेच घोटाळा झाला.

सकाळी उठून पाहते तर व्हिडिओखाली आमची सगळी भावकी जमलेली! अप्पांनी रात्री घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आणि त्याची लिंक टाकून लिहिलं होतं, 'आपल्या बाईचं गाणं हाय. सगळ्यांनी चांगलं चांगलं लिहा.' भानगड काय आहे ते मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. पालमच्या काकांनी 'हार्दिक अभिनंदन बेटा' लिहून गुलाबांचा सडा घातला होता. कुणी 'हर हर महादेव', तर कुणी सवयीनं वाढदिवसाच्या शुभेच्छाही देऊन मोकळं झालेलं. आणि पेडगावच्या आत्यानं, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीनं, मुलाच्या फोनवरून लिहिलं होतं, 'लेकरू इतकं छान गायलंय. मंडपात शेळी कुणी सोडली? बांधून ठेवायला काय होतं?'

"अप्पा, तुमी माझी पार वाट लावली!" मी किंचाळले.

ते दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन दारात उभे होते. "मला वाटलं, चांगलं लिहिणारे जास्त झाले की वाईट दबून जाईल," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझा राग मलाच जड झाला. मग आम्ही दोघांनी पायरीवर बसून त्या व्हिडिओची तक्रार कुठे करायची ते शोधलं आणि केली. आत्यालाही अप्पांनी फोन करून खरं काय ते सांगितलं. आत्या ऐकेचना.

"मला शिकवायलास व्हय? जलम गेला शेळ्यात. शेळीचा आवाज कोणता अन् माझ्या भाचीचा कोणता, कळत न्हाई का मला?"

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

शाळेत गेले तर आत्याचं ते वाक्य सगळ्या वर्गानं वाचलेलं. मी आत शिरले, मागून 'ब्यँऽऽ' आलंच. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी वळून म्हणाली, "शेळी कुणी सोडली रे? बांधा तिला!" वर्ग हसला, पण या वेळी मागे बघून. ओरडणारा लाल झाला. पुढे जो ओरडेल त्याला बांधायला सगळेच तयार असायचे, त्यामुळे ओरडण्यातली मजाच गेली. काही दिवसांनी व्हिडिओही दिसेनासा झाला.

सोमवारी मी देवळात गेले. भीती होतीच. वरच्या सुराला आवाज पुन्हा फाटला, पण सगळे टाळ्या वाजवत गात राहिले, कुणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मीही गात राहिले.

आता मी नोकरीसाठी पुण्यात असते. दिवाळीत घरी गेले तेव्हा अप्पांना नवा फोन घेतला आणि जुन्यातले फोटो काढता काढता तो व्हिडिओ सापडला.

"हा अजून ठेवलाय?"

"तुझं गाणं हाय त्यात."

"आणि शेळी?"

अप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि व्हिडिओ लावला. माझा नववीतला आवाज घरभर झाला. मी शेळीची वाट बघत राहिले. ती यायच्या जरासं आधी अप्पांचा अंगठा बरोबर बटणावर गेला आणि आवाज बंद झाला. ती गेल्यावर त्यांनी तो पुन्हा सुरू केला.