मंडपातला बिबट्या

शाळेत दरवर्षी गॅदरिंगच्या आधी वेशभूषा स्पर्धा व्हायची आणि दरवर्षी मी बसलेलाच असायचो. एकदा ध्यानस्थ ऋषी झालो, एकदा किराणा दुकानदार, आणि एकदा तर मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावणारा अधिकारी. आधी टेबल-खुर्ची मांडली जायची, मला खुर्चीत बसवलं जायचं आणि मग पडदा उघडायचा. लहानपणीच्या पोलिओमुळे माझा उजवा पाय गेला होता. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि काखेत दोन कुबड्या, असा मी चालायचो. बाई प्रेमळ होत्या. मी सगळ्यांदेखत पडू नये एवढंच त्यांना हवं होतं. बाकीची मुलं तलवारी फिरवत, नाचत स्टेजवर यायची. मी शाई लावायचो.

दहावीनंतर आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या ट्रेडला प्रवेश घेतला. बसून करायचं काम म्हणून घरच्यांनी तो निवडला होता, पण मी त्यात रमलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सातपूरला आमच्या कॉलनीत घरोघरी रंगीत टीव्ही आले होते आणि बिघडतही होते. बिघडलेल्या रेडिओंचे, टेपरेकॉर्डरचे सुटे भाग मी घरी आणून खोक्यात साठवायचो. आई त्याला माझं भंगार म्हणायची.

त्या उन्हाळ्यात मी मामाकडे राहायला गेलो. मामाचं शेत निफाडजवळ, अर्ध्यात द्राक्षं आणि अर्ध्यात ऊस. एक दिवस दिवेलागणीला वीज आली आणि मामा विहिरीवरची मोटर सुरू करायला निघाला. मीही कुबड्या टेकत बांधावरून त्याच्या मागे गेलो. माझ्या खिशात बॅटरी होती. उसाच्या कडेला काहीतरी खसफसलं म्हणून मी कुबडी काखेत दाबून बॅटरी काढली आणि तिकडे मारली. उसाच्या पानांत दोन डोळे पेटले. पिवळे, किंचित हिरवट, एकमेकांपासून चार बोटांच्या अंतरावर.

"हलू नको," मामा हळूच म्हणाला. "बॅटरी तशीच धर."

"बिबट्या?"

"मग काय! अजून पोरगंच हाय, लय मोठं नाय. त्याला बी आपली भीती वाटती. जाईल."

काखेतली कुबडी जरा सरकली आणि उजेड बाजूला गेला. त्याबरोबर डोळे विझले. उजेड परत आणला, डोळे परत पेटले. मग तो वळला. खांदे आळीपाळीनं वर-खाली करत, पायांचा जराही आवाज न करता तो उसात शिरला आणि दिसेनासा झाला. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो मोटर सुरू करायला गेला.

घाबरलो तर होतोच. पण घरी परत आल्यावर आठवत राहिली ती दोन गोष्टींची मजा. एक, त्या डोळ्यांत स्वतःचा दिवा नव्हता. माझाच उजेड माझ्याकडे परत येत होता. दुसरी, त्याची चाल. तसे खांदे वर-खाली होताना मी रोज बघत होतो, दुकानांच्या काचेत, माझेच. कुबड्यांवर चालणाऱ्याचे खांदे तसेच हलतात.

गणपतीच्या आधी कॉलनीच्या मंडळानं फळ्यावर लिहिलं: वेशभूषा स्पर्धा, यंदा खुला गट, वयाची अट नाही. आता माझी भाची याला कॉस्प्ले म्हणते आणि त्यासाठी महिनोन्महिने तयारी करते. तेव्हा आमच्याकडे तो शब्द नव्हता. मी फळा वाचला आणि घरी येऊन ताईला म्हणालो, "मी बिबट्या होणार."

ताई माझ्याहून मोठी. ती घरीच शिवणकाम करायची. मशीन न थांबवता तिनं विचारलं, "बसलेला?"

"चालणारा. चार पायांवर."

आता मशीन थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कुबड्यांकडे पाहिलं. "अरे, पण या तर फार लांब आहेत. वाकून कसा चालशील?"

मी माळ्याकडे बोट दाखवलं. मी सहावीत असताना वापरलेल्या, लाकडाच्या आखूड कुबड्या तिथे पडून होत्या. ताईनं स्टुलावर चढून त्या काढल्या, पदरानं धूळ पुसली. मी पुढे वाकून त्यांच्या मधल्या दांड्या धरल्या आणि खोलीत दोन पावलं टाकली. मागे माझे दोन पाय, पुढे दोन कुबड्या.

"खांदे बघ तुझे!" ताई म्हणाली. "मांजरासारखे हलतायत."

आईला मात्र हे अजिबात पटलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. रात्री जेवताना म्हणाली, "लोक हसतील रे. आधीच पाय असा, त्यात तू चार पायांवर चालणार. लोक दुसरं काय बघणार?"

"पाय तर लोक रोजच बघतात, आई. त्या दिवशी निदान बिबट्याचा बघतील."

ती पानात भात वाढून उठून गेली. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

कातडं ताईनं शिवलं. जुन्या सोफ्याचं पिवळं मखमली कव्हर होतं, त्याच्या आत तिनं वेताच्या कड्या शिवल्या, म्हणजे अंग लांब आणि भरीव दिसावं. ठिपके रंगवताना आमचं भांडण झालं. ती टिकल्यांसारखे गोल गरगरीत ठिपके काढत होती. बिबट्याचा ठिपका पाकळ्या गळलेल्या फुलासारखा असतो, मध्ये जरा मोकळा, असं मी सांगितलं. "मग तूच काढ," म्हणून तिनं ब्रश माझ्या हातात दिला. माझे दोन ठिपके बघून तो परत घेतला आणि मग मी सांगेन तसे काढत गेली.

डोळे माझ्याकडे. उजेड पडला की ज्याच्यातून वीज जास्त वाहते असा शेंगदाण्याएवढा एक भाग मिळतो. तो मी बिबट्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसवला. त्याला ट्रान्झिस्टर जोडला आणि पुढे प्रत्येक डोळ्यात पिवळ्या एलईडी लावल्या. डोळ्यांच्या खोबणीत सायकलचे रिफ्लेक्टर कापून बसवले. उद्देश एवढाच की कुणी बॅटरी मारली तर डोळे पेटावेत आणि बॅटरी हलली की विझावेत. शेपटीत टेपरेकॉर्डरची मोटर घातली. तिचं बटण कुबडीच्या मुठीवर.

पहिल्या दिवशी घरातल्या ट्यूबलाइटमध्येच डोळे जळत राहिले. मी स्क्रूड्रायव्हरनं एक बारीक चकती फिरवून फिरवून सर्किट थोडं मठ्ठ केलं, म्हणजे साध्या उजेडाकडे त्यानं लक्ष देऊ नये. मग ते इतकं मठ्ठ झालं की बॅटरी नाकाला चिकटवली तरी हूं की चूं नाही. दोन्हींच्या मधली जागा सापडायला पुष्कळ दिवस गेले. चालायची तालीमही रोज व्हायची. मांडी भरून यायची, मनगटं दुखायची. एकदा कोपऱ्यावर वळताना मी आडवा झालो आणि बिबट्याचं डोकं घरंगळत स्वयंपाकघरात गेलं. आईनं ते उचललं, उलटंसुलटं करून आतल्या वायरी बघितल्या आणि माझ्या हातात देत म्हणाली, "कान नीट बसवलेला नाही." सुई-दोरा घेऊन तिनंच तो पक्का केला.

स्पर्धेच्या संध्याकाळी मंडप भरला होता. मामाही निफाडहून आला होता, द्राक्षाच्या बागेला सुट्टी देऊन. सूत्रसंचालन करणाऱ्या दादांना आम्ही आधीच विनंती केली होती की माझ्या वेळी मोठे दिवे बंद करा. ताई प्रेक्षकांत बॅटरी घेऊन बसली होती. स्टेजच्या मागे, कातड्याच्या आत, मी घामानं निथळत होतो. पुढे कुणी भाजीवाली झालं होतं, कुणी सैनिक, कुणी वासुदेव. टाळ्या ऐकू येत होत्या.

दिवे गेले. एकच मिणमिणता बल्ब राहिला. मी पुढची कुबडी टाकली, मग मागचा पाय, मग दुसरी कुबडी. कुबड्यांच्या तळाशी ताईनं फोम लावला होता, त्यामुळे आवाज नव्हता. मंडपातली कुजबुज थांबली. मी मध्यावर आलो, मान हळूच लोकांकडे वळवली आणि ताईनं बॅटरी मारली.

डोळ्यांच्या खोबणी रिफ्लेक्टरनं बंद होत्या, बिबट्याच्या तोंडाच्या फटीतून दिसेल तेवढंच मला दिसत होतं, पण पहिल्या रांगेतून एक लहान मूल जोरात किंचाळलं आणि त्यामागून सगळा मंडप "अरे!" म्हणाला. ताईनं उजेड सरकवला. डोळे विझले. परत मारला. पेटले. मग मंडळाच्या कार्यकर्त्यांनीही आपापल्या बॅटऱ्या काढल्या. फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला तेव्हा बिबट्यानं म्हणे डोळे मिचकावले.

वळताना माझं डोकं खांबाला घासलं आणि कानाजवळ काहीतरी तुटल्याचं जाणवलं. वायर तुटून बिबट्याचा डावा डोळा गेला होता. खाली ताईनं तोंडावर हात ठेवलेला मला फटीतून दिसला. क्षणभर वाटलं, संपलं. मग मी आणखी थोडा वळलो. डावी बाजू पडद्याकडे आणि उजवी लोकांकडे. आता एकच डोळा दिसायला हवा होता आणि तो पेटत होता. तसाच पाठमोरा होत, मागे बघत, शेपटी हलवत मी हळूहळू विंगेत गेलो. मामा नंतर म्हणाला, "उसात शिरताना त्यानं असंच बघितलं व्हतं." त्यानं तसं बघितलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही.

टाळ्या थांबेनात. मी आत फरशीवर बसून धापा टाकत असतानाच सूत्रसंचालक दादा घाईघाईनं आले. त्यांच्या मागे परीक्षक बाई होत्या.

"छान केलंत," बाई म्हणाल्या, "पण नियम एकट्यानं भाग घ्यायचा आहे. जोडीला बक्षीस देता येणार नाही."

मला कळेना. "कसली जोडी?"

"आत दोघं आहात ना तुम्ही? पुढचे पाय एकाचे, मागचे दुसऱ्याचे. बैल करतात तसं."

मी बिबट्याचं डोकं काढलं. ताई धावत आली आणि तिनं पाठीवरची चेन कमरेपर्यंत उघडली. वेताच्या कड्या, वायरी, सेल आणि मी. बाई खाली वाकून मागच्या भागात डोकावल्या. दादांनी तर हात घालून चाचपलं. दुसरं कुणीच सापडलं नाही, तेव्हा त्यांची नजर आखूड कुबड्यांवर आणि मग कॅलिपरवर गेली.

"हे पुढचे पाय?" बाईंनी विचारलं.

"हो."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मलाही हसू आलं. तोवर आई आत आली होती. तिला वाटलं होतं की मी पडलो. कातड्यात डोकावून आणखी कुणाला तरी शोधणारे ते दोघं बघून तिला आधी काही समजेना. ताईनं तिच्या कानात सांगितलं, तशी ती मटकन खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "दोघं म्हणे! मला एकच झालाय हो असला."

मला दुसरं बक्षीस मिळालं, स्टीलचा पाण्याचा जग. पहिलं भाजीवालीला गेलं आणि ते योग्यच होतं. ती मुलगी संपूर्ण वेळ भाव करत होती आणि परीक्षकांना तिनं खरोखर मेथी विकली होती.

गणपतीनंतर थोड्याच दिवसांनी आमच्या दारात एक गृहस्थ आले. शहरात बालनाट्यं करायचे. त्या संध्याकाळी ते कुणाकडे तरी दर्शनाला आले होते आणि मंडपात थांबले होते. त्यांच्या नव्या नाटकात एक म्हातारं घुबड होतं आणि त्याचे डोळे बोलताना पेटायला हवे होते.

"सर्किट तेवढं करून द्याल का?" त्यांनी विचारलं. "स्टेजवर यायची गरज नाही. घरी बसून करा, माणूस येऊन घेऊन जाईल."

मी घुबडाचं चित्र हातात घेतलं. आवाजानं पेटणारे डोळे अवघड नव्हते, माइकचा तुकडा माझ्या खोक्यात होता.

"करतो," मी म्हणालो. "घुबडाच्या आत कोण आहे?"

"अजून कोणी ठरलं नाही."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि पाहुण्यांना विचारलं, "तालीम किती वाजता असते?"